जांभळी गाडी पुन्हा सुरू करताना: बालवाडीच्या वयासाठीचा जुना संगणक-खेळ शोधण्यापासून मुलासोबत खेळण्यापर्यंत

लहानपणी खेळलेला शैक्षणिक संगणक-खेळ पुन्हा एकदा उघडून बघावा असं पुष्कळांच्या मनात येतं, आणि बहुतेकांचं घोडं पहिल्याच वळणावर अडतं. सीडी सापडते, पण ती घालायला ड्राइव्ह नसतो. ड्राइव्ह मिळाला की विंडोज सांगतं, हा प्रोग्राम इथे चालणार नाही. मग सीडी परत डब्यात आणि डबा परत कपाटात.

मी या सगळ्यातून गेले ते माझ्या साडेचार वर्षांच्या भाचीसाठी. खेळ होता ‘पट-पट जॉइन्स द परेड’. पट-पट नावाची जांभळी, उघड्या टपाची छोटी गाडी, तिचं कारटाऊन नावाचं गाव, आणि त्या गावात निघणारी मिरवणूक. इथे नमुना म्हणून हाच खेळ घेतला आहे, पण पायऱ्या त्या काळातल्या कुठल्याही बालखेळाला लागू पडतील. वेगळं काही करावं लागत असेल तिथे तसं सांगेनच.

एक गोष्ट आधीच सांगते. खेळ चालू करणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं, आणि माझ्या मते जास्त मोलाचं, म्हणजे तो खेळ मुलासाठी कसा थांबून राहतो ते नीट पाहणं. तेवढ्यासाठीच ही खटपट करावी असं मला मनापासून वाटतं.

पायरी १: कोणता खेळ, कोणती आवृत्ती

आठवण फार फसवी असते. मला पक्कं आठवत होतं की पट-पटच्या खेळात प्राणी शोधायचे असतात. ते खरं होतं, पण दुसऱ्या खेळाबद्दल. मिरवणुकीचा खेळ १९९२ चा, चंद्रावर जाण्याचा १९९३ चा आणि प्राणिसंग्रहालयाचा १९९५ चा. गाडी तीच असल्यामुळे तिन्ही माझ्या डोक्यात एकजीव झाले होते. म्हणून शोधाशोध करण्याआधी आठवतं ते सगळं कागदावर लिहून काढा: पात्रं, रंग, एखादं गाणं, पडद्याच्या खालच्या बाजूला काय दिसायचं. मग त्या मालिकेतल्या सगळ्या खेळांची चित्रं पाहून खात्री करा.

आवृत्तीही महत्त्वाची. एकच खेळ डॉससाठी (विंडोजच्या आधीची, पीसीवरची जुनी प्रणाली), विंडोजसाठी आणि मॅकिंटॉशसाठी वेगवेगळा निघायचा, आणि फ्लॉपीवरच्या व सीडीवरच्या खेळात बराच फरक असायचा. नेहमीच्या फ्लॉपीत १.४४ एमबी माहिती मावायची, तर सीडीत साधारण ६५० एमबी. वाचता न येणाऱ्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे, कारण ती वाढीव जागा मुख्यतः माणसांच्या आवाजाला मिळाली. दोन्हींतलं निवडता येत असेल तर या वयासाठी बोलणारी आवृत्तीच घ्या.

डिस्कवरचं वर्ष, ती कोणत्या प्रणालीसाठी आहे आणि खेळाची भाषा कोणती, एवढं टिपून ठेवा. पट-पट बनवणाऱ्या ह्यूमंगस एंटरटेनमेंट या कंपनीचे हे खेळ २०१४ पासून स्टीम या ऑनलाइन खेळ-दुकानातही विकत मिळतात, त्यामुळे जुनी डिस्क हरवली असेल तरी रीतसर मार्ग मोकळा आहे. कुठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून फुकट उतरवलेली फाइल मुलाच्या संगणकावर चालवू नका. त्यात खेळासोबत आणखी काय येईल याचा नेम नाही.

पायरी २: डिस्क आधी वाचवा, मग खेळा

उत्साहात थेट डिस्क घालून खेळायला बसू नका. जुनी डिस्क ड्राइव्हमध्ये घालणं प्रत्येक वेळी थोडं जोखमीचंच असतं, म्हणून पहिल्याच वेळी तिची पूर्ण प्रत काढून घ्या. यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह या कामाला पुरतो.

आधी डिस्क उजेडात धरून दोन्ही बाजू पाहा. आपण सगळे खालच्या चकचकीत बाजूवरच्या ओरखड्यांना घाबरतो. सीडीत खरी नाजूक असते ती वरची, चित्र छापलेली बाजू. माहितीचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो, तर खालच्या बाजूला प्लॅस्टिकचा चांगला जाड थर असतो. म्हणून चित्राच्या बाजूला काही चिकटलं असेल तर ते खरवडू नका, आणि नवीन स्टिकर तर मुळीच लावू नका.

खालची बाजू पुसायची तर मऊ, स्वच्छ, किंचित ओलसर कापडाने, मधल्या भोकापासून सरळ कडेकडे. गोल गोल फिरवून पुसू नका. माहिती गोलाकार मार्गाने लिहिलेली असते. त्याच दिशेने ओरखडा उठला तर सलग मोठा तुकडा जातो, आडवा उठला तर प्रत्येक फेरीतला थोडासाच भाग जातो आणि चुका दुरुस्त करण्याची सीडीची स्वतःची व्यवस्था तो भरून काढते. टूथपेस्ट लावून घासण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी तो एका डिस्कवर करून पाहिला, आणि आधी अडखळत का होईना वाचली जाणारी ती डिस्क नंतर वाचलीच गेली नाही.

प्रत दोन प्रकारे निघते. डिस्कवर फक्त फायली असतील तर आयएसओ प्रत, म्हणजे सगळ्या फायलींची मिळून एकच मोठी फाइल, चालते. पण त्या काळात काही खेळांचं संगीत साध्या गाण्यांच्या सीडीसारखं वेगळ्या ट्रॅकमध्ये ठेवलेलं असायचं. ते आयएसओमध्ये येत नाही, आणि खेळ चालतो पण गाणी गायब असतात. म्हणून डिस्क एखाद्या संगीत-प्लेयरमध्ये उघडून बघा. दुसऱ्या ट्रॅकपासून गाणी दिसली तर गाण्यांसकट सगळं टिपणारी, बिन आणि क्यू या दोन फायलींच्या जोडीची प्रत काढा. वाचताना प्रत अडकत असेल तर जीएनयूचं डीडीरेस्क्यू हे मोफत साधन वापरून पाहा. ते वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि अवघड भागाकडे नंतर पुन्हा पुन्हा वळतं, म्हणून साधं कॉपी करणं जिथे हात टेकतं तिथेही बरंच काही हाती लागतं.

पायरी ३: खेळ का चालत नाही आणि कशाने चालेल

या पायरीवर जरा रेंगाळणार आहे, कारण कारण कळलं की मार्ग आपोआप सुचतो.

नव्वदच्या दशकातले बरेच खेळ १६-बिट आहेत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या संगणकांसाठी लिहिलेले. आजचं ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४-बिटमध्येच येतं. कधी कधी खेळ ३२-बिट असतो, म्हणजे चालू शकला असता, पण त्याला संगणकात बसवणारा इन्स्टॉलर १६-बिट असतो आणि गाडी तिथेच अडते. मॅकवर आणखी वेगळं. तिथे २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीपासून ३२-बिट प्रोग्रामही बंद झाले.

पट-पटला वाचवलं ते त्याच्या घडणीने. ह्यूमंगस एंटरटेनमेंट १९९२ मध्ये सुरू केली रॉन गिल्बर्ट आणि शेली डे यांनी. गिल्बर्ट त्याआधी ल्यूकासफिल्म गेम्समध्ये होते. तिथे १९८७ च्या ‘मॅनियॅक मॅन्शन’ या खेळासाठी स्कम नावाची प्रणाली तयार झाली होती. तिच्यात खेळाची गोष्ट, म्हणजे कुठे क्लिक केलं की काय व्हायचं, हे सगळं वेगळ्या फायलींत लिहिलेलं असतं आणि ते वाचून दाखवणारा प्रोग्राम वेगळा असतो. मोठ्यांच्या साहसी खेळांसाठी बनलेली हीच प्रणाली लहान मुलांच्या खेळांना वापरली गेली.

पुढे २००१ मध्ये काही हौशी प्रोग्रामरांनी त्या वाचून दाखवणाऱ्या भागाला पर्याय लिहायला घेतला. तोच आजचा स्कमव्हीएम. तो मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन या सगळ्यांवर चालतो. तुमच्याकडच्या मूळ फायली तो वाचतो, जुना प्रोग्राम लागतच नाही. तीस वर्षांपूर्वीची मिरवणूक आजच्या फोनवर निघते ती यामुळे.

तुमचा खेळ ह्यूमंगसचा नसेल तरी आधी स्कमव्हीएमच्या यादीत त्याचं नाव शोधा. आता ती यादी बरीच पसरली आहे. लिव्हिंग बुक्स मालिकेतली बोलकी पुस्तकंही तिच्यात आहेत. यादीत नसेल तर असं पाहा: डॉसचा खेळ असेल तर डॉसबॉक्स (जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा मोफत प्रोग्राम), विंडोज ३.१ चा असेल तर डॉसबॉक्सच्या आत तुमच्याकडचं विंडोज ३.१ बसवून. विंडोज ९५ च्या काळातला ३२-बिट खेळ काही वेळा गुणधर्मांच्या खिडकीतल्या कम्पॅटिबिलिटी या भागात २५६ रंगांची निवड केली की लगेच चालतो. ब्राउझरमधले फ्लॅश-खेळ २०२० च्या शेवटी अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतल्यावर बंद पडले. त्यांच्यासाठी रफल हा मोफत पर्याय आहे.

डॉसबॉक्समध्ये खेळ फार भरभर पळत असेल तर कंट्रोल आणि एफ११ दाबून वेग कमी करा, कंट्रोल आणि एफ१२ ने वाढवा. माउस खिडकीत अडकून बसला तर कंट्रोल आणि एफ१०. या तीन कळा कागदावर लिहून पडद्याशेजारी लावून ठेवा. मूल शेजारी बसलेलं असताना त्या आठवत नाहीत.

पायरी ४: स्कमव्हीएममध्ये खेळ बसवणं

संगणकावर एक नवीन फोल्डर करा आणि त्याला खेळाचं पूर्ण नाव द्या. डिस्कच्या प्रतीतून मूळ माहितीच्या फायली तिथे आणा. ह्यूमंगसच्या खेळांत त्या ओळखायला सोप्या असतात: खेळाच्या नावापुढे टिंब आणि त्यानंतर एचई शून्य, एचई एक, एचई दोन अशी शेपटी. एकाच नावाची ही भावंडं सगळीच्या सगळी उचला. कोणती नको आणि कोणती हवी हे ठरवत बसू नका, कारण आवाजाची फाइल मागे राहिली तर गाडी मुकी होते.

फ्लॉपीवरच्या खेळात एक अडचण येते. त्या फायली बहुधा दाबून लहान केलेल्या असतात आणि मूळ इन्स्टॉलरच त्या उलगडतो. तेव्हा इन्स्टॉलर डॉसबॉक्समध्ये चालवा आणि उलगडलेल्या फायली तिथून घ्या.

मग स्कमव्हीएम उघडा, खेळ जोडण्याचं बटण दाबा, तो फोल्डर दाखवा. फायलींची नावं आणि त्यांच्या आतल्या खुणा ताडून स्कमव्हीएम खेळ ओळखतो. खेळ ओळखता आला नाही असं आलं तर नव्वद टक्के वेळा आपण चुकीचा फोल्डर दाखवलेला असतो, एक पातळी वर किंवा एक पातळी खाली. माझंही तेच झालं होतं.

पायरी ५: चित्र, आवाज, माउस

खेळ सुरू झाला की पट-पटच्या चाकांकडे बघा. ती गोल आहेत का? माझ्याकडे पहिल्यांदा ती चपटी, दाबलेल्या अंड्यासारखी दिसत होती आणि गाडी उगाच लांबोडी. कारण साधं आहे. मूळ चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं, पण ते चार-तीन प्रमाणाच्या जुन्या पडद्यासाठी काढलेलं. त्या पडद्यावर एकेक ठिपका रुंदीपेक्षा उंचीला जास्त असायचा. आजचा ठिपका चौरस असतो, म्हणून चित्र बसकं होतं. स्कमव्हीएमच्या ग्राफिक्स भागात आस्पेक्ट रेशो दुरुस्तीचा चौकोन आहे, तिथे खूण करा. चाकं गोल होतात आणि गाडीचा चेहरा एकदम ओळखीचा वाटू लागतो. माझ्यासाठी या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात आनंदाचा क्षण तोच होता.

ऑल्ट आणि एंटर दाबून पूर्ण पडदा करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील, ते राहू द्या. चित्र ताणून पडदा भरायचा मोह आवरा. मुलांना गोल गोलच दिसलं पाहिजे. आकार ओळखण्याचं तर हे वय.

आवाजाच्या भागात संगीत, इतर ध्वनी आणि बोलणं यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. संगीत थोडं खाली आणा. तुम्ही मुलाशी बोलणार आहात, आणि खेळाच्या गाण्यावर आवाज चढवून बोलावं लागलं तर दोघंही दमतात.

माउस लहान घ्या. मोठ्यांच्या माउसवर मुलाचा तळवा पुरत नाही, मग ते दोन्ही हातांनी धरतं आणि क्लिक करताना बाण हलतो. हे खेळ बनवणाऱ्यांना ही अडचण ठाऊक असावी, कारण सगळं काही एका क्लिकवर होतं. दोनदा पटापट क्लिक करणं किंवा बटण दाबून ओढत नेणं जवळपास लागत नाही. टॅबलेटवर चालवत असाल तर स्पर्शाची पद्धत अशी निवडा की बोट जिथे टेकेल तिथेच क्लिक होईल. बोट सरकवून दूरचा बाण हलवण्याची जी दुसरी पद्धत असते, ती या वयाच्या मुलाला कळत नाही.

पायरी ६: आधी एकट्याने खेळा, हातात कागद घेऊन

ही पायरी सगळे गाळतात, आणि मग मुलासमोर आपणच गोंधळतो. मोठ्या माणसाला हा खेळ पूर्ण करायला एखादी निवांत संध्याकाळ पुरते. पण जिंकायला खेळू नका. खेळ मुलाशी कसा वागतो ते बघायला खेळा.

गोष्ट अशी. पट-पटला मिरवणुकीत भाग घ्यायचाय. त्यासाठी तीन गोष्टी हव्यात: फुगा, धुऊन स्वच्छ झालेलं अंग आणि एक पाळीव प्राणी. त्यासाठी नाणी लागतात, आणि नाणी मिळवायला लोकांच्या अंगणातलं गवत कापायचं, किराणा पोचवायचा. एवढंच. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याने बघा म्हणजे हे किती आहे ते कळेल. तीन गोष्टींची यादी लक्षात ठेवायची, आज मिळवलेलं उद्यासाठी जपायचं, आणि एका गोष्टीसाठी आधी दुसरी करावी लागते हे समजून घ्यायचं. पडद्यावर कुठेही ‘आता आपण गणित शिकूया’ असं म्हटलेलं नाही. मोजणं येतं ते नाणी हवी असतात म्हणून.

कागदावर या गोष्टी टिपा. चुकीच्या जागी क्लिक केलं तर काय होतं? या खेळात शिक्षा नाही, चुकल्याचा भोंगा वाजत नाही, काही कमी होत नाही. उलट फुलांवर, दारांवर, झुडपांवर क्लिक केलं की काहीतरी गंमत घडते. ह्यूमंगसच्या खेळांची ही ओळखच आहे. दुसरं, काहीच न करता दोन मिनिटं हात बाजूला ठेवून बसा. घड्याळ धावत नाही. कोणी ‘लवकर कर’ म्हणत नाही. उद्या परत ये म्हणून आमिष दाखवत नाही. गाडी उभी असते आणि तुमची वाट पाहते. आज मुलांसाठी म्हणून बनवलेले काही खेळ दर अर्ध्या मिनिटाला चकाकतं काहीतरी उडवत राहतात. त्यांच्या शेजारी ठेवून पाहिलं की हे थांबणं किती दुर्मीळ झालंय ते समजतं.

पण नुसतं कौतुक लिहू नका. कुठे कंटाळा येतो तेही लिहा. एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर जाताना तीच चित्रं पुन्हा पुन्हा येतात. गवत कापण्याचं काम मला लांबलचक वाटलं, आणि मुलाला इथे मदत लागेल असं मी कागदावर ठळक लिहिलं. ते किती चूक होतं हे पुढे येईलच. वाचता येणं कुठे गरजेचं आहे, भीती वाटेल असं काही आहे का, खेळ बंद कसा करायचा, हेही पाहा. हवा तिथे थांबून कंट्रोल आणि एफ५ दाबलं की स्कमव्हीएमचा मेनू उघडतो. तिथे खेळ जतन करून बघा, बंद करा, परत उघडा. मुलाची मेहनत आपल्या हातून पुसली गेली तर त्याला समजावणं फार कठीण जातं.

पायरी ७: प्रत जपून ठेवा

हे थोडक्यात. डिस्कची प्रत, खेळाचं फोल्डर आणि जतन केलेल्या खेळाच्या फायली या तिन्हींची आणखी एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. त्याच फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल करून लिहा: कोणती आवृत्ती, स्कमव्हीएमचा कोणता क्रमांक, कोणत्या खुणा केल्या. मूळ डिस्क तिच्या डब्यात उभी ठेवा, ऊन आणि ओल लागणार नाही अशा जागी.

पायरी ८: आता मुलाला बोलवा

वेळेचं आधी ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की २ ते ४ वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून जास्त नसावा, आणि कमी असेल तेवढा चांगला. आम्ही एका बैठकीला वीस मिनिटं ठेवली. वेळ संपायच्या आधी एक काम पुरं होईल असं बघायचं. मध्येच पडदा बंद केला की रडारड होते, आणि चूक आपली असते.

बसताना माउस मुलाच्या हातात, तुमचे हात तुमच्या मांडीवर. हे लिहायला सोपं आहे. करायला मला फार जड गेलं. बाण योग्य जागेच्या बोटभर अलीकडे थांबतो आणि आपला हात आपसूक पुढे जातो. मी शेवटी हातावर हात दाबून बसले.

भाषेचं काय? खेळ इंग्रजी बोलतो, मूल मराठी. प्रत्येक वाक्याचं भाषांतर करायला जाऊ नका. तसं केलं की मूल पडद्याकडे न बघता तुमच्या तोंडाकडे बघत बसतं. फक्त काम सांगा. मी तीन बोटं दाखवली: फुगा, आंघोळ, सोबती. भाचीने तिन्ही बोटं आपल्या हातावर मोजून घेतली आणि त्यानंतर मला एकदाही विचारलं नाही. बाकीचं तिने आवाजाच्या चढ-उतारावरून ओळखलं. कोण खूश आहे आणि कोण रुसलंय ते कळायला तिला शब्द लागले नाहीत. काही शब्द तर तिने आपणहून उचलले. ‘बलून’ तिच्या तोंडी होताच, ‘परेड’ नवा आला.

पहिली दहा मिनिटं ती कुठेही गेली नाही. पडद्याच्या खालच्या बाजूला गाडीचा डॅशबोर्ड दिसतो आणि त्यावर भोंगा आहे. तिने तो वाजवला. पुन्हा वाजवला. मग माझ्याकडे बघून वाजवला. मी मनातल्या मनात ‘अगं, पुढे चल’ म्हणत होते, पण बोलले नाही. दहा मिनिटांनी ती स्वतःच म्हणाली, “मावशी, हिला कळलं आता मी आलेय ते. आता जाऊया.” आणि गाडी निघाली. माझ्या कागदावर या दहा मिनिटांसाठी रकानाच नव्हता.

गवत कापण्याबद्दल मी केलेला अंदाज तर साफ खोटा ठरला. मला जे लांबण वाटलं होतं, तेच तिला सगळ्यात जास्त आवडलं. एका कोपऱ्यात हिरवा तुकडा राहिला होता. तिने पडद्यावर बोट टेकवून दाखवलं, “इथे राहिलंय,” आणि गाडी मुद्दाम परत नेली. नाणी मिळाली तेव्हा तिने ती मोजली, आणि मग फुग्याला किती लागतात ते आधी विचारून घेऊया असं म्हणाली. मी काहीच शिकवलं नव्हतं.

मूल अडलं तर उत्तर सांगू नका, प्रश्न विचारा. “आपण कुठे कुठे जाऊन आलो?” हा एक प्रश्न बहुतेक वेळा पुरतो. तरी अडलंच तर “मला वाटतं त्या रस्त्याने अजून गेलो नाही” एवढी खूण द्या. आणि मुलाला हा खेळ आवडलाच नाही तर? तर बंद करा, राग मानू नका. आपल्या आठवणीचं ओझं त्याच्यावर टाकायचं नाही. तुमची जांभळी गाडी त्याला नुसती जांभळी गाडी वाटू शकते.

पायरी ९: पडदा बंद झाल्यावर

खेळातलं जे मुलाला लागलं, ते जमिनीवर आणा. पुठ्ठ्याचं खोकं, त्याला झाकणांची चाकं, कागदाची नाणी. मिरवणुकीत जायला काय काय हवं याची यादी मुलालाच चित्रांत काढू द्या. तीन गोष्टी लक्षात ठेवण्याचा सराव इथेही होतो, फक्त इथे यादी त्याची स्वतःची असते. भाचीच्या यादीत फुगा राहिला, आंघोळ कटाप झाली आणि तिसऱ्या जागी आजीचा चष्मा आला, कारण “आजीला परेड दिसली पाहिजे.”

तिच्या जतन केलेल्या खेळाला मी तिचंच नाव दिलंय. पट-पट अजून रस्त्यावर उभा आहे, अंग धुऊन झालंय, फुगा घेतलाय, सोबती शोधायचा बाकी आहे. ती पुढच्या रविवारी येणार आहे.